लाईट गेली तरी चालणारा टीव्ही

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर माणूस नाही. मागे बोईसरजवळच्या नवापूरचा दर्या, ओहोटीने दूर सरलेला. पुढे बांबूंच्या वलांडीवर वाळत टांगलेले बोंबील, रांगेमागे रांग, वाऱ्याने हलणारे. डावीकडे एक कौलारू घर. खिडकी उघडी, तिच्यातून निळा उजेड आणि हिंदी बोलणारा एक अतिशय आनंदी आवाज. मग उजवीकडून डोक्यावर टोपली घेऊन जमना येते. टोपली उतरवते, खाली बसते, एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवते आणि जोडी दोरीवर टाकते. पुन्हा एक जोडी. पुन्हा एक. संवाद नाही.

हा प्रवेश मी शेजारच्या ओट्यावरून दोन मोसम पाहिला. रंगभूमी सुटल्यावर मला सकाळी दुसरं काम उरलेलं नाही.

पूर्वीची जमना मुकी नव्हती. बोईसरच्या बाजारात तिचा आवाज मासळीच्या ओट्यापासून रिक्षास्टँडपर्यंत पोचायचा. एकदा कुणी साहेब पापलेट उलटंपालटं करून बघत होते. जमना म्हणाली, "साहेब, मासा बघता का मुलगी? पसंत असंल तर न्या, नायतर ठेवा, तिला लाज वाटते." साहेबांनी मुकाट्याने पिशवी पुढे केली. आम्ही नटांनी उभी हयात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायच्या खटपटीत घालवली. तिला तो जन्मतःच मिळालेला होता.

मग तिचा मुलगा धर्मेश गेला. जाळं ओढताना बोटीवरून पडला. बोट आली, तो आला नाही. नवरा आधीच वारलेला. घरात राहिल्या जमना, सून रुचिता आणि धर्मेशची मुलगी रिद्धी, तेव्हा नुकती रांगायला लागलेली. दुखवट्याचे दिवस सरेपर्यंत टीव्हीवर चादर होती. बाया रडत होत्या आणि त्यांच्याकडे बघून पोरही रडत होतं. दिवस झाले तसं कुणीतरी म्हणालं, "पोरीला काय कळतंय. तिला लावून द्या कायतरी." चादर काढली. रिद्धी रडायची थांबली. ती थांबली म्हणून सगळ्यांना बरं वाटलं, आणि मग तो टीव्ही कुणी बंदच केला नाही.

त्याच्याच वर, वीतभर अंतरावर, धर्मेशचा हार घातलेला फोटो लागला.

रुचिता एमआयडीसीत गोळ्यांच्या पॅकिंगला जायला लागली. सकाळी कंपनीची बस, परत यायला दिवेलागण. जमनाने बाजार सोडला. तिची सुकी मासळी शेजारची वर्षाराणी विकून आणी. "माज्याच्यान आता वरडवत नाय," एवढंच ती म्हणाली. वरडणं सोडलं आणि त्याबरोबर बोलणंही सुटलं. अंगणात काम करताना तिचा एक कान खिडकीकडे असे. आत टीव्ही बोलतोय म्हणजे पोर जागेवर आहे. कुत्र्यांत नाही, दर्यात नाही. बाकी तिला काही नको होतं.

रिद्धी मोठी झाली आणि बोलायला लागली. असं आम्हांला वाटलं. अख्ख्या जाहिराती ती एका दमात म्हणायची, कार्टूनमधल्या उंदराचं भाषण म्हणायची, तेही शुद्ध हिंदीत. वर्षाराणी तिला मुद्दाम ओट्यावर उभी करी.

"जमनाकाकी, तुझ्या घरात मॅडम जन्मली गो. बोईसरच्या हापिसात बसंल. आमाला तर 'क्या भाव' सोडून काय येत नाय."

जमनाच्या चेहऱ्यावर तेवढ्यापुरतं काहीतरी हलायचं. सुनेला कंपनीत हिंदीसाठी अडायला होतं, नातीला होणार नाही, असं तिच्या मनात असावं.

मला मात्र ते ऐकताना कसंसंच व्हायचं, आणि का ते कळायचं नाही. नंतर लक्षात आलं. असे नट मी पाहिले होते. भाषण चोख, पण समोरच्या पात्राकडे नजर नाही. समोरचा मेला तरी हे आपलं वाक्य पुरं करणार. रिद्धी कुणाकडे बघून बोलत नव्हती. तिने कधी "आजी" अशी हाक मारलेली मी ऐकली नव्हती.

दिवाळीनंतरची गोष्ट. बोंबील भरपूर आलेला, जमनाचे हात थांबत नव्हते. खिडकीतून जाहिरात ऐकू येत होती. "दर्द भगाओ, मुस्कुराओ." पुन्हा तेच. पुन्हा तेच. वर्षाराणी टोपली घ्यायला आली आणि उभी राहिली.

"काकी, लाईट तर कवाची गेलीय."

जमना काम करतच होती.

"मग तुझा टीवी कसा चालतोय?"

जमनाच्या हातातली जोडी खाली पडली. मीही ओट्यावरून उतरलो. आत टीव्ही काळा होता. रिद्धी दाराच्या फटीपाशी उभी होती, बिजागरीत तिचं बोट चिरडलं होतं. कोपरापर्यंत रक्त आलं होतं. ती रडत नव्हती. मलमाच्या जाहिरातीचं वाक्य बाईच्या त्याच गोड आवाजात पुन्हा पुन्हा म्हणत होती. जमना हाकेच्या अंतरावर बसून ते ऐकत होती आणि तिला वाटत होतं की टीव्ही चाललाय.

बोट वाचलं. नख काळं पडलं.

पालघरच्या मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे जमना, रुचिता आणि मी रिद्धीला घेऊन गेलो. बाईंनी रिद्धीला नावाने हाक मारली, तिने वळून पाहिलं नाही. त्यांनी मोबाईलवर कार्टूनचं गाणं लावलं, तिने लगेच मान वळवली.

"कानात दोष दिसत नाही. तरी तपासणी करून घेऊ," बाई म्हणाल्या. "काही हवं असलं तर बोट दाखवून मागते का?"

"नाय," रुचिता म्हणाली.

"तुम्ही सांगता त्या दिवशी, बोट चिरडलं तेव्हा, मात्र ती मागत होती. दुखतंय हे सांगायला तिच्याकडे तेवढंच वाक्य होतं. दिवसभर घरात हिच्याशी कोण बोलतं?"

रुचिताने सासूकडे पाहिलं.

"मी असते," जमना म्हणाली. "पण मी नाय बोलत."

बाई रागावल्या नाहीत. टीव्हीनेच सगळं झालं असं मी आज म्हणणार नाही, म्हणाल्या. पण तो बंद करा. तिच्यासमोर बसा, हातात वस्तू धरा, नाव सांगा. तिने विचारलं तर कंटाळा न करता उत्तर द्या. ती बोट दाखवायला लागते का ते बघा.

परत येताना रुचिता म्हणाली, "आई, शिमग्यापर्यंत बघू. नायतर मी हिला पालघरच्या माहीमला माज्या आईकडं ठेवते. भावाची पोरं हायत तिथं, दिवसभर कलकलाट असतो."

"ठेव," जमना म्हणाली.

त्या दिवशी तिने मासळीला हात लावला नाही. धर्मेशचं म्हणून जे काही उरलं होतं ते त्या पोरीतच होतं, आणि ते राहणार की जाणार हे आता जमनाच्या बोलण्यावर आलं होतं.

टीव्ही वर्षाराणीकडे गेला. भिंतीवर त्याच्या आकाराचा स्वच्छ चौकोन राहिला आणि वर फोटो. रिद्धी चौकोनासमोर बसून किंचाळायची, जमिनीवर डोकं आपटायची. जमना तिच्या डोक्याखाली तळहात धरून बसायची आणि भिंतीकडे बघत राहायची.

"नाना, काय बोलू हिच्याशी?" एकदा तिने मला विचारलं.

"गिऱ्हाईक समज तिला."

"गिऱ्हाईक तरी बघतं."

पण दुसऱ्या दिवशी तिने पोरीला वलांडीखाली आपल्यासमोर बसवलं. एक बोंबील धरला. "हा कोण? हा बोंबील." दुसरा धरला. "ही कोण? ही त्याची बायको." जबड्यात जबडा अडकवला. "आता भांडतील." हे विनोदाचं वाक्य तिने कसल्याही चढउताराशिवाय म्हटलं, पाठ नसलेला नट कागद बघून वाचतो तसं. मग पुढची जोडी, तेच शब्द. दोरी भरेपर्यंत तेच. रिद्धी वाळूकडे बघत होती.

असे महिने गेले. ही मांदेली. ही करंदी. हा कावळा, चोर मेला. ही वर्षाराणी. "चोरानंतर माजं नाव घेते बघा काकी," वर्षाराणी म्हणाली. जमना हसली नाही, पुढच्या वस्तूकडे गेली. घरातल्या प्रत्येक वस्तूचं नाव तिने सांगितलं. फोटोचं सांगितलं नाही. धर्मेश गेल्यापासून ते नाव तिच्या तोंडून कुणी ऐकलेलं नव्हतं. रुचिताही तिच्यासमोर ते घेत नसे.

माघ संपता संपता रिद्धीने दोन बोंबील उचलून जबडे अडकवून पाहिले. जमले नाहीत. तिने ते जमनाच्या तोंडासमोर धरले आणि थेट तिच्याकडे पाहिलं. जमनाने अडकवून दिले. त्यानंतर पोर अधूनमधून एखादा शब्द टाकायला लागली. "हा कोन," म्हणायची, अगदी जमनाच्या त्या कोरड्या सुरात. जाहिरातीची गोड बाई गेली होती आणि तिच्या जागी ही आजी आली होती. मला ते ऐकवत नसे, तरी मी ओट्यावरून उठत नसे.

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी रुचिताला सुट्टी होती. तिने पिशवी भरली.

"चार शब्दांनी काय होतं आई? बोट दाखवून मागत नाय अजून. तिथं पोरांत राहील, सुधारंल. तुमी पण किती करणार?"

"मी काय बोलले का?" जमना म्हणाली. ती रिद्धीचा फ्रॉक घडी करत होती. घडी झाली की मोडायची, पुन्हा करायची.

मी दारात उभा होतो. रिक्षा यायची होती. रिद्धी खोलीच्या मध्यावर होती, भिंतीकडे तोंड करून. तिने हात वर केला. काळ्या नखाचं बोट पुढे आलं.

"टीवी मागते," रुचिता हळूच म्हणाली. "बघा, शेवटी तेच."

जमनाने फ्रॉक खाली ठेवला. ती गुडघ्यावर सरकत नातीच्या मागे गेली, तिच्या खांद्याशी डोळा आणला आणि बोटाच्या रेषेत पाहिलं. बोट चौकोनाच्या वर होतं.

"हा कोन?" रिद्धी म्हणाली आणि वळून आजीकडे पाहू लागली.

रुचिताने पिशवी धरली होती तशीच धरून ठेवली. बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला. मी हात वर करून रिक्षावाल्याला थांबवलं. पोर बोट खाली घेत नव्हती.

मग जमना बोलली, बोंबलाचं नाव सांगायची त्याच सुरात.

"हा धर्मेश. तुजा बाप. दर्यावर गेला, आला नाय."