सगळ्यांच्या हातात आई

परवा एका दुकानात ओल्या विभूतीचा वास आला आणि मी काही न घेताच बाहेर पडलो. उदगीरच्या आमच्या घरात आई गेली त्या सकाळी हाच वास भरला होता. आमच्या रीतीनं तिला भिंतीला टेकवून बसवलं होतं, कपाळभर विभूती, गळ्यात झेंडूचे हार, आणि समोर स्टँडवर माझा मोबाइल, कारण परदेशातल्या बहिणीला तिकीट मिळालं नव्हतं आणि तिला आईचं तोंड शेवटचं बघायचं होतं. पण लाइव्ह दर दोन मिनिटांनी तुटायचं. "दादा, आई दिसंना झाली," माझ्या बायकोच्या फोनवर बहीण रडत होती. मी राउटर बंद करून चालू केला, वायर बदलली, स्टँड सरकवला, सगळं व्यर्थ. मग अंगणात नजर गेली. चुलते, मावश्या, गल्लीतले लोक माना खाली घालून बसलेले. मला वाटलं, दुःखानं. जवळ गेलो तर प्रत्येकाच्या हातात आमचंच लाइव्ह चालू होतं, आमच्याच वायफायवर. "काका, आई इथंच हाय की समोर," मी म्हणालो. "हाव, पण मोबाइलमधी बरी दिसून राहिली," काका मान वर न करता बोलले. एकेकाला मोबाइल बंद करायला लावेपर्यंत बाहेर निघायचा शंख वाजला, आईला उचललं, आणि लाइव्ह नीट सुरू झालं तेव्हा बहिणीला नुसती भिंत दिसली. आजही किळस येते, त्यांची कमी, माझी जास्त. वायफायचा पासवर्ड आईचंच नाव होतं, आणि दारात आलेल्या प्रत्येकाला ते मीच एकेक अक्षर सांगून टाइप करायला लावलं होतं.