डासकाकांचं स्वच्छ रक्त

दिवसभर लोकांचं रक्त काढायचं, म्हणून लॅबमधल्या पोरींनी त्यांचं नाव डासकाका ठेवलं होतं. काकांना त्याचं काही वाटत नसे. वाटून घ्यायला संध्याकाळी अंगात त्राणच उरत नसे. हात मात्र हलका. रबरी पट्टा आवळायचा, शीर चाचपायची आणि सुई टोचायच्या आधीच म्हणायचं, "झालंच हं, संपलं!" ही थाप त्यांनी जन्मभर मारली.

यकृत पोखरणारा हिपॅटायटिस-बी आईकडूनच काका आणि त्यांची थोरली ताई, दोघांच्या रक्तात उतरला होता. ताई यकृताच्या कॅन्सरने गेली. कॅन्सरच्या अशा गाठीत रक्तातलं एएफपी नावाचं प्रथिन वाढतं. ताईचा आकडा तर आभाळाला भिडला होता, आणि तो पहिल्यांदा पाहिला काकांनीच. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी ते स्वतःचं रक्त तपासत आणि घरी चपला काढता काढताच सांगत, "स्वच्छ आहे गं!" डॉक्टरांनी जोडीला सोनोग्राफीही सांगितली होती. तिच्याकडे त्यांनी सरळ कानाडोळा केला. ताईला सोनोग्राफीच्या खोलीत तेच घेऊन गेले होते. पुन्हा तिथे पाऊल टाकायचं त्यांच्या जिवावर येई.

या खेपेलाही आकडा बरा आला, पण बायको हसली नाही.

"पँट कमरेवर ठरत नाही, जेवता चिमणीएवढं, आणि रक्त म्हणे स्वच्छ!"

"यंत्र खोटं बोलतं का?"

"यंत्राचं मला काय कळतंय? तुम्ही वाळताय ते दिसतंय की!"

दुसऱ्या दिवशी काकांनी लॅबच्या डॉक्टरीणबाईंना सहज म्हणून विचारलं. बाईंनी चष्मा काढला.

"काका, गाठ असूनही कित्येकांचं एएफपी वाढत नाही. ताईंच्या रक्ताने सांगितलं, तुमचं सांगेलच असं नाही. आजच पोट दाखवा."

काकांना आधी राग आला, मग नुसता थकवा. बायकोला बोलावून घेऊन ते सोनोग्राफीला गेले.

पोटावर गार जेल पसरलं. तरुण डॉक्टर मोठा गप्पिष्ट. उजव्या बरगडीखाली त्याचा हात थांबला, तशा गप्पाही थांबल्या. तो पुन्हा पुन्हा तिथेच दाबून पाहू लागला.

"झालंच हं काका, संपलं," तो म्हणाला. हात मात्र तिथून हलेना.

काकांनी बाहेर बाकावर बसलेल्या बायकोला हाक मारली. "आत ये गं. मला एकट्याला ऐकवणार नाही."