झाकणाच्या आतली बाजू

पुंडलिकनगरातल्या लक्ष्मण वाघचौरेंच्या दुकानात देवाच्या फोटोशेजारी एक चौकट आहे. तिच्यातलं पत्र आजवर तीन वेळा बदललं, चौकट तीच. 'ऑर्मंड' या महागड्या विलायती अ‍ॅम्प्लिफायरचे इकडचे अधिकृत दुरुस्तीवाले लक्ष्मणराव, असं ते पत्र सांगतं. पहिल्या पत्रावर कंपनी काढणाऱ्या साहेबाची सही होती. पुढे कंपनी डेन्मार्कच्या लोकांनी घेतली, त्यांच्याकडून अमेरिकेतल्या गुंतवणूकवाल्यांनी, आणि दोन वर्षांपूर्वी गाड्यांचे स्पीकर बनवणाऱ्या एका कोरियन कंपनीने. नवं पत्र आलं की त्यांच्या बायकोचा, आवडाबाईंचा, प्रश्न ठरलेला. "आता कुनाच्या घरी नांदायला गेली तुमची कंपनी?"

लक्ष्मणराव चितेगावच्या टीव्ही कारखान्यात चौदा वर्षं घासलेले. वरून कागद आला की पाळायचा, एवढंच त्यांना ठाऊक. तिथला आणखी एक नियम हाताला चिकटून राहिला. जो भाग बदलला त्याचा आकडा, तारीख, स्वतःची आद्याक्षरं आणि कंपनीचं नाव झाकणाच्या आतून पेन्सिलीने लिहायचं. कारखाना बंद पडला, नियम चालूच राहिला.

पाच वर्षांपूर्वी अमेरिकेवाल्यांचा कागद आला. जुनी मॉडेलं यापुढे दुरुस्त करायची नाहीत, त्यांचे सर्किटचे नकाशे जाळा आणि फोटो पाठवा. लक्ष्मणरावांनी एकेचाळीस नकाशे, वीस वर्षांच्या खाणाखुणांसकट, गच्चीवर जाळले. राखेचा फोटो धाडला. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

"रद्दी जाळून फोटो धाडला असता," आवडाबाई म्हणाल्या, "तर तिकडून कुनी राख चाळाय येनार व्हतं का?"

हे त्यांना सुचलंच नव्हतं. प्रामाणिक माणसाची हीच तर गोची असते.

यंदा भानुमतीबाईंचा ऑर्मंड मुका झाला. बाई निवृत्त शिक्षिका, वय एक्क्याऐंशी. यजमान सतार वाजवायचे. त्यांच्या घरच्या रियाजाच्या कॅसेटी बाई रोज पाच वाजता ऐकतात.

"नातीने छोटा स्पीकर आणून दिलाय, लक्ष्मणराव. सतार येते त्यावर. पण गत सुरू करण्याआधी हे हळूच खाकरायचे, ते येत नाही."

लक्ष्मणरावांनी झाकण उघडलं. आतले तीन रेझिस्टर जळून कोळसा झालेले, अंगावरचे, आकडा सांगणारे रंगीत पट्टे वाचता येईनात. अंदाजाने बसवावेत तर उरलंसुरलंही जायचं. आणि नकाशाची तर यांनी स्वतःच्या हाताने राख केलेली. त्यांना स्वतःचा भयंकर राग आला.

त्यांनी कंपनीला लिहिलं. आठ दिवसांनी उत्तर आलं. मालकी बदलताना आमच्याकडचेही नकाशे राहिले नाहीत. जुनं मॉडेल आम्ही नव्याने बाजारात आणतो आहोत. तुम्हाला सापडले तर कृपया पाठवा.

लक्ष्मणरावांनी तो राखेचा फोटो शोधून काढला आणि उत्तरादाखल तोच पाठवून दिला. वर एक ओळ लिहिली, आदेशाचं पालन झालेलं आहे.

मग त्यांना गंगापूरचे काकासाहेब आठवले. निवृत्त मुख्याध्यापक, हेच मॉडेल, हाच बिघाड, बारा-तेरा वर्षांपूर्वीचा. सकाळीच जीप धरून ते गंगापुरात पोचले. झाकण उघडलं, चष्मा लावला. आत त्यांचंच अक्षर होतं, जरा पुसट, पण तिन्ही आकडे शाबूत.

"म्हंजे तुमचंच तुम्ही वाचाया आलात व्हय?" काकासाहेबांनी विचारलं.

"व्हय. दुसरीकडं कुठंच ऱ्हायलं नाय."

दुसऱ्या दिवशी भानुमतीबाईंच्या बैठकीत, झाकण उघडंच ठेवून, त्यांनी कॅसेट लावली. आधी नुसती खरखर आली. मग कोणीतरी हळूच खाकरलं. भानुमतीबाईंनी पदर डोळ्याला लावला आणि आत चहा टाकायला गेल्या.

लक्ष्मणरावांनी पेन्सिल काढली. या वेळी तीनच नाही, आतल्या भागांचे वाचता येतील तेवढे सगळे आकडे झाकणाच्या आतून ठसठशीत लिहिले. पुढे जो कोणी उघडेल त्याला गंगापूर गाठावं लागू नये. तारीख घातली. कंपनीच्या नावापाशी पेन्सिल थांबली. चार मालकांपैकी कोणाचं लिहायचं?

त्यांनी लिहिलं, 'लक्ष्मण कडूबा वाघचौरे, पुंडलिकनगर'. मग झाकण लावून स्क्रू आवळले.