भीमाबाईंच्या ताटाळ्याची दारं

कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की पुंजारामची नजर माणसांच्या आधी लाकडाकडे जाते. पाथर्डीला भाच्याच्या साखरपुड्यात पाहुण्यांना फेटे बांधायचं चाललं होतं, आणि हा यजमानांच्या माजघरात शिरून कपाटाची पाठ बोटानं ठोकून बघत होता. बायकोनं, सवितानं, दंडाला धरून त्याला बाहेर आणलं.

“लोकांना वाटंल काही उचलायला आलाय,” ती दातओठ खात म्हणाली.

“पाठ नवी हाय गं. मागून कुनीतरी बदललीय.”

“तुमचं डोकं बदलायला आलंय आता.”

घर शेतकऱ्याचं, पण पुंजाराम शेतात कधी रमला नाही. विशीत नगरच्या एका फर्निचरच्या दुकानात रंधा मारायला लागला. तिथे एकदा ग्रामोफोनच्या तबकड्या ठेवायचं कपाट पॉलिशला आलं. आत पातळ फळ्यांचे उभे कप्पे, खाली बनात, म्हणजे मऊ लोकरी कापड, तबकडीला ओरखडा नको म्हणून. फळ्या काढून, पुसून पुन्हा खाचांत सरकवायचं काम त्याच्याकडे आलं आणि त्या दिवसापासून त्याला या कपाटांचं वेड लागलं. आता घोडेगावात रस्त्याकडेला त्याची पत्र्याची शेड आहे. चार पैसे दारं-खिडक्या करून मिळतात. जीव मात्र या कपाटांत अडकलेला असतो.

ओळखताना तो फसलाही आहे. कर्जतहून असंच एक कपाट टेम्पोत घालून मोठ्या हौसेनं आणलं, महिनाभर घासलं, आणि मग कळलं की ते शाळेतल्या पाट्या ठेवायचं होतं. तेव्हापासून तो आधी कप्प्यांची पुढची कड बघतो. तबकडी चिमटीत धरून ओढता यावी म्हणून तिथे अर्धचंद्रासारखा काप असतो. पाटीला त्याची गरज नसते.

दुरुस्त झालेली कपाटं पुण्या-मुंबईच्या हौशी लोकांकडे जातात. त्यांचं समाधान होतं, पुंजारामचं होत नाही. कुठे फळ्या चुलीत गेलेल्या, कुठे पाठ वाळवीनं पोखरलेली. एकदा तरी एक कपाट, सुताराच्या हातून पहिल्या दिवशी निघालं असेल तसं, जिथल्या तिथं सगळं असलेलं, आपल्या हातानं उभं करावं, एवढी एकच त्याची इच्छा. ती काही पुरी होत नव्हती.

अशात शनिशिंगणापूरहून रविराजचा फोन आला. देवळाच्या वाटेवर त्याचं पूजेच्या साहित्याचं दुकान. “मिस्तरी, आमच्या आजीच्या ताटाळ्याचा पाय वाळवीनं खाल्लाय. बदलून द्या.”

पुंजाराम गेला. गावच्या रीतीप्रमाणे घराला चौकट होती, दार नव्हतं. पडदा सोडलेला आणि कुत्रं आत येऊ नये म्हणून एक फळी टेकवलेली. स्वयंपाकघरात भीमाबाई लसूण सोलत बसल्या होत्या. भिंतीशी ताटाळं, त्यात पितळी ताटं उभी लावलेली. पुंजारामनं एक ताट बाजूला सारलं, आणि तो बघतच राहिला. कप्प्याच्या कडेला अर्धचंद्र होता.

“आजी, हे ताटाळं न्हाई.”

“मंग काय, पाळना हाय?”

“फोनोच्या रेकॉर्डी ठेवायचं कपाट हाय हे.”

“ते मला सांगतो व्हय? माझ्या सासऱ्यांनी करून घेतलंय. फोनो गेला, रेकॉर्डी फुटल्या. ताटं फुटत न्हाईत.”

त्यानं सगळी ताटं खाली उतरवली. एकूण एक फळी जागेवर होती. पाठ मूळची. बनात काळी झालेली, पण नखानं खरवडली तर खालून हिरवा रंग. फक्त पुढच्या दोन्ही कडांना बिजागरीच्या खाचा होत्या आणि दारं नव्हती.

“दारं कुठं हायेत?”

“कशाची दारं? तू पाय बघ.”

पायाचं काम एका दिवसाचं. पुंजारामनं ते लांबवलं. एकदा पॉलिशच्या निमित्तानं गेला, एकदा पाय हलतो का बघायला. दर खेपेला चपला काढता काढता विचारायचा, “दारांचं काही आठवलं का, आजी?” शेवटी भीमाबाई वैतागल्या.

“आमच्या सासऱ्यांनी कपाट आनताना गावच्या शिवेवरच काढून टाकली. शनिदेवाच्या गावात दारं कशाला? झालं समाधान?”

समाधान कसलं! उलट त्याच्या अंगात वारंच शिरलं. म्हणजे दारं होती. सगळं असलेलं कपाट होतं, फक्त दोन पल्ले नाहीत, आणि पल्ले करणं तर आपल्या हातात आहे. भंगारात निघालेल्या सागवानी पलंगाच्या फळ्या त्यानं शोधल्या. लाकडाची रेषा जुळेना म्हणून एक पल्ला टाकून दुसरा केला. लाखेचं पॉलिश चढवलं, उतरवलं, पुन्हा चढवलं. ताटावर बसायचा आणि अर्ध्या भाकरीवर उठून शेडकडे जायचा.

“त्या म्हातारीनं दारं मागितलीत का?” सवितानं विचारलं.

“न्हाई.”

“मंग?”

“कपाटानं मागितलीत.”

सवितानं कपाळावर हात मारला.

दारं घेऊन तो गेला तेव्हा भीमाबाईंनी नुसतं बघितलं आणि मान हलवली. “या घरात दार येनार न्हाई.”

“आजी, कपाटाचं दार म्हंजे घराचं दार न्हाई.”

“आत काय हाय? माझीच ताटं ना? मंग ती कुनापासून झाकू?”

तो उभाच राहिला, हातात पल्ला घेऊन. घाम पुसायचंही भान नव्हतं. मग हळूच म्हणाला, “एकदा लावून बघू द्या. डोळं भरून बघतो आन् लगेच उतरवतो.”

त्याच्या तोंडाकडे बघून म्हातारीला काय वाटलं कोण जाणे. “लाव. पन माझ्या ताटांवर भुसा पाडू नको.”

नवे स्क्रू जुन्याच भोकांत बसवायचे, हा त्याचा नेम. खाचांत इतक्या वर्षांचं तेलकट किटण बसलं होतं. आजवर त्यानं खाचा मोजल्या होत्या, साफ केल्या नव्हत्या. स्पिरिटचं फडकं फिरवलं, पटाशीच्या टोकानं किटण काढलं. खाली स्वच्छ लाकूड लागलं. भोक नाही. दुसरी खाच बघितली. तिसरी, चौथी. मोबाईलचा उजेड लावून बघितलं. स्क्रू काय, साध्या टोच्याचीही खूण नाही.

“आजी, इथं दारं कधी बसलीच नव्हती.”

“न्हाईच बसली.”

“मंग शिवेवर काढली म्हनलात ते?”

“तू आल्या आल्या दारं, जाताना दारं. म्हनलं, ह्याला एकदाचं काहीतरी सांगून वाटंला लावावं.” त्या मनापासून हसल्या. “सुतार सोनईचा हुता. कपाट घिऊन आला, दारं संगंच हुती, सुटी, बसवायची. सासरे म्हनले, ही परत ने. तो घिऊन गेला. मी नवी नवरी, पडद्याआडून बघत हुते.”

पुंजाराम भिंतीला टेकून बसला. म्हणजे हे कपाट पहिल्या दिवसापासून असंच उभं होतं. ज्याच्यासाठी तो इतकी वर्षं फिरला ते समोरच होतं, आणि त्यात भर घालायला तो टेम्पोतून दारं घेऊन आला होता. आनंद व्हायला हवा होता. पण नजर पुन्हा पुन्हा त्या खाचांकडे जात होती. सुतारानं त्या दारांसाठी कापल्या, आणि तशाच राहिल्या.

“एवढं केलंस तर त्या खाचा बुजव,” भीमाबाई म्हणाल्या. “पुसताना फडकं अडकतं.”

“त्या सुताराच्या हाताची निशानी हाय ती, आजी. अशी बुजवत न्हाईत.”

“त्याच्या हाताची निशानी, आन् माझ्या फडक्याच्या चिंध्या. कपाट कुनाचं?”

तो उठला, बाहेर गेला, टेम्पोभोवती एक चक्कर मारली, परत आला. पुन्हा बाहेर गेला तो करवत घेऊनच आला. आपल्या पल्ल्याची कड त्यानं गुडघ्याखाली दाबली आणि करवत चालवली. रंग आधीच जुळवलेला होता, रेषाही जुळवलेली. निघालेल्या पट्टीचे चार तुकडे केले, घासून घासून खाचेत दाबले. एकालाही गोंद लावला नाही. नुसते घट्ट बसवले. उद्या कुणाला खाली काय आहे बघायचं झालंच तर पटाशीच्या टोकानं निघतील.

भीमाबाईंनी कडेवरून फडकं फिरवून बघितलं. ते कुठे अडकलं नाही. त्यांनी एक एक करून ताटं कप्प्यांत लावली, त्यातलंच एक त्याच्यापुढे ठेवलं, आणि भाकरी वाढली.

“आता गप बसून जेव.”

पुंजाराम बसला. दोन घास खाल्ले. तिसरा हातात असताना उठला आणि डाव्या हाताचं बोट वरच्या डाव्या पट्टीवरून फिरवून आला.

“हलतीय का?” भीमाबाईंनी विचारलं.

“न्हाई,” तो म्हणाला, आणि उजवीकडची बघायला गेला.