आणली तशी खुर्ची

खिळेमावशींनी भर कोर्टात न्यायाधीशबाईंच्या अंगावर मेलेला उंदीर फेकला, ही बातमी आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरून निघाली तेव्हा उंदीर एक होता. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्याला पोरंबाळं झाली. तर तसं काही नाही. उंदीर एकच, आणि तोही फेकला नाही, परवानगी मागून दाखवला.

मावशी जुने सोफे आणि खुर्च्या उसवून नव्यानं भरून देतात. काम करताना बारीक खिळे ओठांत धरायची सवय, म्हणून खिळेमावशी. दिवसभर तोंड बंद, आणि संध्याकाळी खिळे डबीत गेले की साठलेलं सगळं बाहेर. ते ऐकायला धाकटी बहीण असते, तीच दुकानात शिलाई मशीन चालवते.

चकचकीतराव हे त्यांचं गिऱ्हाईक. हा माणूस बसायच्या आधी रुमालानं बाक पुसतो, रुमाल शेजारच्याच्या अंगावर झटकतो आणि वर त्याच्याकडेच बघून नाक मुरडतो. त्यानं वीस वर्षं वापरलेली एक जाडजूड गादीची खुर्ची आणली. "फक्त वरचं कापड बदला, आतलं सगळं स्वच्छ आहे," असं बजावून गेला.

मावशींनी कापड उसवलं आणि त्या दोन पावलं मागे सरकल्या. काळा पडलेला काथ्या, केसांचे गुंते, नखांचे तुकडे, अर्धवट चोखून चिकटलेल्या गोळ्या, कुणाचा तरी दात, आणि मधोमध घरटं करून तिथेच वाळलेला उंदीर.

फोन केला, तर चकचकीतराव म्हणतात, "आमच्या घरात उंदीर? बाई, बिल फुगवायचं असेल तर जरा बरं कारण शोधा." आतलं बदलल्याशिवाय कापड चढवणार नाही, असं मावशी म्हणाल्या, तर हा गृहस्थ खुर्ची परत मागायला थेट लहान दाव्यांच्या कोर्टात गेला. तिथे एका सकाळी चाळीस प्रकरणं. मावशी खाकरून बोलायला लागेपर्यंत हुकूम निघाला: खुर्ची पंधरा दिवसांत, आणली तशी, परत करावी.

आणली तशी म्हणजे उंदरासकट. मावशींना ते जमेना. त्यांनी पदरचा काथ्या आणि कापूस घालून खुर्ची भरली, वर जुनंच कापड ठोकलं आणि पाठवून दिली. जुनं भरण मात्र पोत्यात बांधून, त्याला खुर्चीच्या कापडाचा तुकडा टाचून माळ्यावर ठेवलं. ही या धंद्यातली रीत. नाहीतर 'आत आमची अंगठी होती' म्हणणारे भेटतात.

चकचकीतराव खुर्चीत बसले आणि नव्या भरणामुळे चार बोटं उंच झाले. बायको जिन्यात उभी राहून हसली, म्हणाली, "म्हणजे उंदीर होताच की." झालं. त्यांनी पुन्हा अर्ज ठोकला, आणि मावशींना नोटीस आली: हुकूम मोडल्याबद्दल, कोर्टाच्या अवमानाची शिक्षा का करू नये, ते हजर राहून सांगा. दंड, नाहीतर महिनाभर कोठडी.

बहिणीचं धाबं दणाणलं. "ताई, लिहून दे, परत भरून देते म्हणून. त्याचं घर, त्याची घाण. आपल्याला काय करायचंय?"

"हात माझे आहेत ना?"

"हातमोजे घाल."

मावशींनी खरंच हातमोजे घातले, पोतं सोडलं, एक मूठ उचलली. मग उठून मोरीकडे धावल्या. परत आल्या आणि गाठ मारली ती घट्ट. "कोठडी बरी," एवढंच बोलल्या.

तारखेला त्या पोतं घेऊनच उभ्या राहिल्या.

"हुकूम कळला होता?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"कळला होता, मॅडम."

"मग मोडलात का?"

"सांगण्यापेक्षा दाखवलं तर चालेल?"

चालेल म्हणाल्या, आणि गाठ सुटताच कारकुनानं धावत जाऊन खिडकी उघडली. चकचकीतरावांनी रुमाल नाकाला लावला. "शी. हे आमचं नाही."

पोत्यावरचा कापडाचा तुकडा आणि त्यांनीच अर्जाला जोडलेला खुर्चीचा फोटो, न्यायाधीशबाईंनी शेजारीशेजारी धरले. "वीस वर्षं यावरच बसत होता, साहेब," मावशी म्हणाल्या. "आजच वास आला?"

"हुकमाप्रमाणेच हवं असेल," न्यायाधीशबाई चकचकीतरावांना म्हणाल्या, "तर यांना हे सगळं परत भरायला लावते. घरी नेणार?"

मावशींनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

रुमालाआडून आवाज आला, "नको. अर्ज मागे घेतो." आणि चकचकीतराव बाक न पुसताच मटकन खाली बसले.

"पण हुकूम कोर्टाचा होता," न्यायाधीशबाई मावशींकडे वळल्या. "पटला नाही तर इथे येऊन सांगायचं. परस्पर बदलायचा नाही."

बहिणीनं मागून चिमटा काढला. मावशींनी हात जोडून माफी मागितली. ती लिहून घेतली गेली, शिक्षा टळली, कागद मिटले. पोत्याकडे बघून तोंड वाकडं करत न्यायाधीशबाईंनी शेवटचं विचारलं, "पुन्हा असाच हुकूम आला तर काय कराल?"

"आधी तुम्हाला विचारायला येईन, मॅडम. पण मेलेला उंदीर कुणाच्या बुडाखाली शिवून देणार नाही. त्याला दुसरा कारागीर बघा."