उबेला ठेवलेले चिकू

मी एकदा चालू कॉम्प्युटरच्या पाठीशी चिकू पिकायला ठेवले होते. हसा, खुशाल हसा. पण त्यापुढचं मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — ते तुम्हाला सांगते.

२०१६ची गोष्ट. घोलवडचं आमचं घर, मागे चिकूची वाडी, आणि त्या वेळची मी — बासष्ट वर्षांची, गावभर अक्कल वाटत फिरणारी. नात मनू नुकती एम.एस्सी. झालेली. गॅडोलिनियम नावाच्या दुर्मिळ धातूचे अगदी सूक्ष्म कण ती कॉम्प्युटरात नुसत्या गणिताने घडवायची.

"आजी, प्रत्येक अणू म्हणजे एक चुंबकसुई. कण हळूहळू थंड करत न्यायचा आणि सगळ्या सुया कधी एका दिशेला वळतात ते बघायचं. वरच्या सालीतल्या तेवढ्या ऐकत नाहीत."

"मग आपल्या घरात वेगळं काय आहे?" मी म्हटलं.

हे गणित तेरा दिवस चालणार होतं. निकाल बंगळूरला पाठवायचा, त्यावर तिची संशोधनाची जागा ठरायची. कॉम्प्युटरचा तो डबा सतत घरघरत होता आणि मागून छान ऊब सोडत होता. इकडे वेवजीला व्याह्यांकडे पाठवायचे चिकू काही पिकेनात. एवढी ऊब फुकट घालवायची? अकराव्या दिवशी मनू डहाणूला गेली तशी मी पेंढ्यात चिकू भरलेली करंडी डब्याच्या पाठीला चिकटवली, वरून गोणपाट घातलं. ती आत कण थंड करत होती, मी बाहेर भट्टी लावली — काय ती हुशारी!

दुपारी घरघर थांबली. जळका वास आला.

मी काय केलं? करंडी उचलून पलंगाखाली सारली. मनू आल्यावर म्हटलं, "लाईट गेली होती गं, दोनदा." बस, एवढंच. पण घरात इन्व्हर्टर होता ना! या गणितासाठीच माझ्या मुलाने, विनयने, बसवलेला. मनू त्याच्यावर उलटली — "बाबा, बॅटरीत पाणी घातलंच नव्हतंत ना?" विनयला आठवेना. त्याने मान खाली घातली. आणि मी? मी तिथेच बसून तांदूळ निवडत होते. एक खडा सुटू दिला नाही.

डिस्क गेली, जागा गेली. मनू तलासरीला शाळेत शिकवू लागली. आणि मला बरं वाटलं होतं. पोर जवळ राहिली म्हणून. चिकू वेवजीला पोचले. गोड निघाले म्हणे.

बापलेकीत "जेवलीस?" "हो." एवढंच उरलं. विनय दर रविवारी बॅटरीत पाणी घालायचा, झाकण लावायचा, पुन्हा उघडून बघायचा. मी ते बघायचे — तीन वर्षं बघत होते. एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो?

२०१९मध्ये तो डबा भंगारात द्यायचा म्हणून मनूने खोलला. मागच्या जाळीत पेंढ्याच्या काड्या अडकलेल्या, त्यात चिकूचं एक वाळलेलं पान. तिने एकेक काडी ओढून काढली. बाहेर ओटीवर विनय बॅटरीत पाणी घालत होता.

काड्या माझ्या तळहातावर ठेवून ती म्हणाली, "आजी, तीन वर्षं मी बाबांशी नीट बोलले नाही."