तात्यांना विचारून सांगतो

कमरेला सहा खोल्यांच्या किल्ल्या असल्या आणि तोंडातून 'नाही' निघत नसलं, की किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. ते स्वतःच दार वाजवतात.

खोल्या बारामतीत, एमआयडीसीजवळ. मालक माझे चुलते, तात्या. ते सांगवीला ऊस बघतात. मी नववीत शाळा सोडली, नंतर दोन नोकऱ्यांनी मला सोडलं, तेव्हा तात्यांनी किल्ल्या दिल्या. सोबत एकच शिकवण: "कुणी खोलीत काय बदल मागितला तर 'तात्यांना इचारून सांगतो' म्हणायचं. अन् मला इचारायचं न्हाय."

*

कांबळे मॅडम शाळेत शिकवतात. त्यांना पुस्तकांसाठी भिंतीला फळी हवी होती. मी ठरलेलं वाक्य म्हणालो. आठवड्यानं त्यांनी लेखी अर्ज दिला. अर्जाला तोंडी उत्तर बरं दिसत नाही, म्हणून मीही अर्धं पान लिहिलं. भिंत नवी आहे, तात्या गावी आहेत, हवा दमट आहे.

दुसऱ्या दिवशी पान परत आलं. खाली लाल शाईत शेरा होता: "प्रयत्न चांगला. उत्तर कुठे आहे?"

संध्याकाळी फळी बसली.

*

शिंदे कारखान्यात शिफ्टला जातात. स्वतःच रंग देतो म्हणाले आणि शेड कार्ड माझ्यापुढं धरलं. हा चालेल? मी मान हलवली. मग हा? एकाला हो म्हटल्यावर दुसऱ्याला नाही कसं म्हणणार? मान चार वेळा हलली. चार भिंतींना चार रंग लागले.

तात्यांनी दारातूनच बघितलं. "खोली हाय का रसवंती?"

शिंद्यांना ते कौतुक वाटलं. त्यांनी आग्रहानं चहा पाजला. जाताना तात्या मला म्हणाले, "आता मला न इचारता एक खिळा जरी ठोकला, तर किल्ल्या जावयाकडं."

विचारायचं तर नव्हतंच. म्हणजे खिळाच नाही. आणि किल्ल्या गेल्या तर मला ठेवून घेणारी चौथी जागा नव्हती.

*

म्हणून मी सराव सुरू केला. सहा नंबरची खोली रिकामी होती. आत कडी लावून भिंतीला सांगायचो, "जमणार नाही. एकदा सांगितलं ना!" तिसऱ्या दिवशी आवाज चांगलाच चढला.

दार वाजलं. बाहेर शिंदे, हातात लाटणं. आत कुणीच नाही हे बघून म्हणाले, "कुणावर एवढा तापलास? आमाला तर कधी न्हाय म्हणाला न्हाईस."

लाजेनं मी त्यांना बाल्कनीत दोरी बांधायची परवानगी दिली.

*

मागच्या महिन्यात तात्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन बारामतीत झालं. तपासणीला सारखं यावं लागणार, म्हणून ते पंधरा दिवस सहा नंबरमध्येच राहिले.

एका सकाळी मी खाली नळाचा वायसर बदलत होतो. कांबळे मॅडम पाण्यासाठी थांबल्या होत्या, शिंदे दात घासत होते. वरून आवाज आला, "आरं, हितं टोपी अडकवायला एक खिळा मारू का?"

मी मान वर न करता म्हणालो, "तात्यांना विचारून सांगतो."

शिंद्यांचा ब्रश तोंडातच थांबला. मॅडमनी बादली खाली ठेवली. मी हळूच वर बघितलं. कठड्यापाशी तात्या, डोळ्याला काळा चष्मा, हातात टोपी. त्यांनी टोपी परत डोक्यावर ठेवली.

मग म्हणाले, "त्यांना कशाला इचारतो? किल्ल्या तुझ्याकडं हायेत न्हवं?"